कायदा जाणूनबुजून मोडणारा लोकसेवक

शासकीय कार्यालयात काम अडले की आपण बहुधा नशिबाला बोल लावतो आणि 'साहेबांपुढे कोणाचे काय चालणार?' असे म्हणून मुकाट्याने परत फिरतो. परंतु लोकसेवकाने जाणूनबुजून कायदा मोडला, तर तो स्वतः फौजदारी गुन्ह्यास पात्र ठरतो, ही गोष्ट प्रत्येक नागरिकाने समजून घेतली पाहिजे.

ही तरतूद नवी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम १६६ मध्ये ती होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १९८ म्हणून कायम आहे. आपल्या पदाच्या वर्तनाविषयी कायद्याने दिलेला निर्देश जो लोकसेवक बुद्ध्या मोडतो, आणि त्यामुळे कोणास इजा व्हावी असा ज्याचा उद्देश असतो किंवा तशी इजा होण्याचा संभव आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यास एक वर्षापर्यंत साधा कारावास, द्रव्यदंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इजा म्हणजे केवळ शारीरिक दुखापत नव्हे. मन, लौकिक वा मालमत्ता यांची हानीही तीत येते.

कायद्यानेच एक उदाहरण दिले आहे. न्यायालयाचा हुकूमनामा एखाद्याच्या बाजूने झाला असून त्याच्या वसुलीसाठी मालमत्ता जप्त करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्या माणसाचे नुकसान होईल हे ठाऊक असूनही अधिकारी जप्ती टाळतो. हा गुन्हा होय. मात्र प्रामाणिक चूक, गैरसमज किंवा कामाच्या ओझ्यामुळे झालेला विलंब या कलमात बसत नाही. हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते आणि तेच सर्वांत कठीण असते.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. त्यानंतर २०१३ साली कायद्यात कलम १६६-अ आले. तेच आता कलम १९९ आहे. बलात्कार, ॲसिडहल्ला, मानवी तस्करी यांसारख्या गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे सश्रम कारावास आणि द्रव्यदंड सांगितला आहे. दाराशी आलेल्या पीडितेला परत पाठवणे ही आता केवळ हयगय राहिलेली नाही.

मग खटले कमी का? शासनाच्या मंजुरीवाचून ज्यांना पदावरून दूर करता येत नाही, अशा लोकसेवकांवर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवण्यास पूर्वमंजुरी लागते. खोट्या तक्रारींपासून प्रामाणिक अधिकाऱ्याचे रक्षण व्हावे, हा त्यामागील उद्देश. मात्र कृत्य आणि कर्तव्य यांत वाजवी संबंध असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच माताजोग दोबे खटल्यात स्पष्ट केले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार शासनाने १२० दिवसांत निर्णय न दिल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाते. कलम १९९ च्या गुन्ह्यास तर मंजुरीची अटच नाही.

नागरिकाने काय करावे? तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, तारखा व नावे टिपून ठेवावीत. दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलीस ठाण्याने नाकारल्यास ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. खबर नोंदवल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे.

जाणीवपूर्वक केलेला अन्याय पुढे सिद्ध करायचा असेल, तर ही पोच आणि ह्या तारखाच बहुधा पुरावा ठरतात. म्हणून परत फिरण्यापूर्वी कागदावर नोंद करावी.