चिमूटभर ग्राफीन, पण कालवायचे कसे?

उत्तनच्या किनाऱ्यावरची ‘फायबरची’ होडी म्हणजे राळेत बसवलेले काचतंतू. तंतू ताण झेलतात, राळ त्यांना धरून ठेवते. काचेऐवजी ग्राफीन घातले तर?

ग्राफीन हा कार्बन अणूंचा एकपदरी पापुद्रा. गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला तो ग्रॅफाइटपासून चक्क चिकटपट्टीने सोडवला. त्याचा यंगचा गुणांक सुमारे १००० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या पाचपट; राळेचा साधारण ३. आता आकारमानाने १ टक्का ग्राफीन मिसळू: ०.०१ × १००० + ०.९९ × ३, म्हणजे जवळजवळ १३. चौपटीहून अधिक!

फळ्यावर हे छान दिसते. प्रत्यक्षात सहसा बरेच कमी मिळते. कारण सगळे पापुद्रे सुटे, ताणाच्या दिशेत आणि राळेला घट्ट चिकटलेले आहेत, असे आपण गृहीत धरले. एका ग्रॅमचे दोन्ही बाजूंचे पृष्ठफळ सुमारे २६०० चौरस मीटर. एवढी पृष्ठे एकमेकांना ओढतात आणि ओल्या पापडांसारखी चवड जमते. चवडीतले थर घसरतात. पेन्सिल उमटते ती त्यामुळेच.

ग्राफीन ऑक्साइडवरचे ऑक्सिजनयुक्त गट पापुद्रे पाण्यात सुटे ठेवतात, राळेशी बंधही जोडतात. मात्र त्यापायी पापुद्र्याचा ताठपणा घटतो आणि वीजवाहकता जवळजवळ जाते.