चित्रातले केस आणि आपले केस

मुलींनो, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांनो, तुम्हीसुद्धा इकडे लक्ष द्या!

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवसाची गोष्ट. माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून बसली होती. मधल्या सुट्टीत डबासुद्धा तिनं तसाच खाल्ला. मला वाटलं, कान दुखत असेल. जवळ जाऊन विचारलं, तर डोळ्यांत टचकन पाणी!

"बाई, केस कापले."

"मग काय झालं? वाढतील की!" असं मी म्हणणार होते, पण जीभ आवरली. त्या वेळी ते वाक्य किती कुचकामी असतं, ते मला चांगलं माहीत आहे.

मी डी.एड.ला होते तेव्हा माझे केस दाट, कुरळे आणि कमरेपर्यंत होते. सकाळी सराव पाठाला पळायचं आणि वेणी घालण्यातच २० मिनिटं जायची. एक दिवस वैतागून पार्लरमध्ये गेले. मासिकातलं चित्र दाखवून म्हटलं, "असे खांद्यापर्यंत लेअर्स करा, म्हणजे रोजची कटकट नको." ताईंनी केस ओले करून कापले. आरशात पाहिलं, तर अगदी चित्रातल्यासारखे! खूश होऊन घरी आले. मग केस वाळायला लागले आणि वर चढायला लागले. खांद्यावरचे हनुवटीशी आले, हनुवटीशी होते ते कानावर. संध्याकाळपर्यंत डोक्याचं टप्पोरं झेंडूचं फूल झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गावर माझा पाठ होता, विषय 'पक्ष्यांची घरटी'. पहिल्या बाकावरच्या एका चिमुरड्यानं अगदी मनापासून विचारलं, "बाई, हे घरटं तुम्ही आम्हाला दाखवायला आणलंय?" निरीक्षणाला बसलेल्या आमच्या मॅडमही वहीत तोंड लपवून हसल्या.

ही गोष्ट ऐकून ती मुलगी हसली, आणि ओढणी सुटली. तिचंही माझ्यासारखंच झालं होतं. केस कुरळे आणि चित्र सरळ केसांचं!

असं का होतं, सांगू? केस ओला झाला की ताणला जातो, लांब दिसतो. वाळला की आखडतो, आणि कुरळा केस तर फारच आखडतो. शिवाय लांब केसांना त्यांचंच वजन खाली ओढत असतं. स्प्रिंगला लटकवलेलं वजन काढलं की ती कशी टुणकन वर जाते? तसंच हे. म्हणून कुरळ्या केसांच्या मुलीनं 'खांद्यापर्यंत' म्हणताना वाळलेल्या केसांचा खांदा सांगायचा, ओल्या केसांचा नव्हे!

आता लेअर कट म्हणजे नेमकं काय, तेही बघू. सगळे केस एका रेषेत कापले तर तो ब्लंट कट. वरचे केस आखूड, खालचे लांब, असे थर ठेवले पण थरांच्या मधली पायरी दिसू दिली नाही, तर तो लेअर कट. पायरी स्पष्ट दिसली की स्टेप कट. दाट केसांना थर दिले की ओझं हलकं होतं. कुरळे केस एकाच रेषेत कापले तर खाली फुगून त्रिकोण होतो. लांब लांब थर दिले तर तो मोडतो. पण तुमचे केस पातळ आणि सरळ असतील, तर थरांच्या नादी फार लागू नका. टोकाला उंदराच्या शेपटीसारख्या दोन-चार बटाच उरतात. गोल चेहरा, लांब चेहरा यांचे तक्ते मासिकांत येतात, ते बघा हवे तर. मला विचाराल तर चेहऱ्याआधी केस ओळखावेत.

ते ओळखायचे कसे? रविवारी न्हाल तेव्हा केस टॉवेलनं खसाखसा पुसू नका, तेल लावू नका, ड्रायर नको. तसेच वाळू द्या. मग आरशात बघा, भांग आपोआप कुठे पडतो? डोक्यावरचा भोवरा कुठे आहे? कपाळापाशी एखादी बट हट्टानं उभी राहते का? त्या हट्टी बटेला आखूड कापलंत तर ती रोज सकाळी तुमच्याशी भांडणार.

चित्राचं म्हणाल, तर एक मजा सांगते. १९९५च्या सुमारास 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतल्या जेनिफर ॲनिस्टनचा लेअर कट खूप गाजला. तिच्या भूमिकेच्या नावावरून लोक त्याला 'रेचेल' म्हणू लागले. पुढे तिनंच सांगितलं, की केस कापणारे क्रिस मॅकमिलन मदतीला नसले, तर घरी तिला ते तसे बसवताच यायचे नाहीत! आता बोला! आपल्याकडे तर सकाळी सातला एक आरसा, एक कंगवा आणि दाराबाहेर रिक्षावाले काका.

कपाळावरच्या झुलपांचंही तसंच. 'लव्ह इन शिमला' या १९६०च्या चित्रपटात रुंद कपाळ झाकायला साधनाचे केस पुढे कापले, आणि 'साधना कट' गावोगावी पोचला. तुमच्या आजीला विचारा! पण केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोनेक महिन्यांत झुलपं डोळ्यांत. पुन्हापुन्हा कापायला वेळ नसेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

आणि शाळेतल्या वेण्यांचं काय? कापायच्या आधी शाळेला बांधता तसे केस बांधा. सगळ्यांत वरचा थर रबरबँडमध्ये अडकेल इतका लांब राहिलाच पाहिजे. नाहीतर वेणीतून चहूकडे काटे बाहेर!

मुलांनो, तुमचंही भोवऱ्यापाशीच अडतं. तिथे मशीन फार खोल फिरवू देऊ नका, केस साळिंदरासारखे उभे राहतात.

आता थोडं आईबाबांशी. "केस कापायचे नाहीत म्हणजे नाहीत" किंवा "काप काय हवं ते" ही दोन्ही उत्तरं झटपट देता येतात. त्यापेक्षा त्या रविवारी तिच्याबरोबर आरशासमोर बसा. पार्लरमध्ये नेताना तेल लावलेली घट्ट वेणी घालून नेऊ नका. केस धुऊन, वाळवून, मोकळे न्या, म्हणजे कापणाऱ्या ताईंना त्यांचा स्वभाव दिसेल. आणि पहिल्या खेपेला थोडेच कापायला सांगा. उरलेले पुढच्या महिन्यातही कापता येतात.

आमच्या सातवीतल्या बाईसाहेबांची ओढणी दुसऱ्या दिवसापासून दप्तरात गेली. दिवाळीपर्यंत केस चार-पाच सेंटिमीटर वाढले, दोन छोट्या वेण्या येऊ लागल्या. उजव्या कानामागची एक बट मात्र अजून बाहेर येते. तिला ती काळी पिन लावते, आणि पिन विसरली की माझ्याकडे मागते. माझ्या पर्समध्ये असतेच.