कपाटातल्या कार्डाचे शुल्क

क्रेडिट कार्ड वापरत नाही, म्हणजे त्याचा खर्चही नाही, असे अनेकांना वाटते. पण वार्षिक शुल्क (कार्ड चालू ठेवण्याबद्दल बँक दरवर्षी घेते ती रक्कम) खाते चालू असण्यावर लागते. कुलूपबंद फ्लॅटलाही सोसायटीचा मेंटेनन्स भरावा लागतोच, तसे हे. १००० रुपये शुल्क असेल तर १८ टक्के जीएसटी धरून बिलात ११८० रुपये येतात. कार्ड कात्रीने कापले तरी खाते चालूच राहते.

कार्ड बंद केल्याने क्रेडिट स्कोअर कायमचा बिघडतो, ही भीती मात्र अनाठायी आहे. फरक पडतो तो मुख्यतः वापराच्या प्रमाणात (एकूण मर्यादेपैकी किती रक्कम वापरली ते). दोन कार्डांची मर्यादा एकेक लाख आणि खर्च ४० हजार असेल तर प्रमाण २० टक्के. एक बंद केले की ४०. म्हणून गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर थोडे थांबावे. एरवी, विनाशुल्क कार्ड बदलून मिळते का ते विचारावे, नाहीतर सरळ बंद करावे. ठरावीक खर्चावर मिळणाऱ्या शुल्कमाफीसाठी नको ती खरेदी करणे तोट्याचेच.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास बँकेने अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांत कार्ड बंद करायचे असते; त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.