अणूच्या आतल्या कवचातील रिकामी जागा

ओझर म्हटले की विमानांचा कारखाना आठवतो. मिग विमानांच्या बांधणीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६४ साली तो येथे काढला. विमानाच्या पत्र्यात तांबे किती, जस्त किती, हे पत्रा न कापता कसे ओळखावे? सराफाला हाच प्रश्न सोन्याविषयी पडतो. दोघांनाही उत्तर देतात ते क्ष-किरण. पण त्या उत्तरावर कितपत विसंबावे हे ठरविण्यासाठी अणूच्या अंतरंगातला एक हिशेब ठाऊक हवा. तोच आज आपण पाहू.

अणुकेंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचाकवचांनी राहतात. सर्वांत आतले कवच 'के', त्याबाहेरचे 'एल'. बाहेरून आलेल्या जोरकस क्ष-किरणाने 'के' कवचातला इलेक्ट्रॉन उडविला की तेथे जागा रिकामी होते आणि वरच्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन लगेच खाली उतरतो. उतरताना सुटलेली ऊर्जा जाते कोठे? तिला दोन वाटा आहेत. एक तर ती क्ष-किरण होऊन बाहेर पडते. या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. तिचा नियम १९१३ साली मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. नाही तर ती ऊर्जा त्याच अणूतील दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तोच बाहेर फेकला जातो. ही दुसरी वाट लीझे माइटनर आणि पिएर ओजे यांनी १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वतंत्रपणे दाखविली.

एखादा अणू कोणती वाट धरील हे सांगता येत नाही. पण असंख्य अणूंचे प्रमाण पक्के असते. 'के' कवचातील शंभर रिकाम्या जागांमागे क्ष-किरण मिळतात ते अॅल्युमिनियममध्ये सुमारे ४, लोखंडात ३४, तांब्यात ४४, चांदीत ८३ आणि सोन्यात ९६.

हे प्रमाण मोजतात कसे? धातूच्या पातळ वर्खावर ठाऊक शक्तीचे किरण सोडतात व निघणारे किरण थंड केलेल्या सिलिकॉनच्या शोधकात टिपतात. शोधकातला विद्युत्-स्पंद किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो. म्हणून लोखंडाचा ६.४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण तांब्याच्या ८ हजारांच्या किरणापासून वेगळा मोजता येतो. मग किती जागा रिकाम्या झाल्या, किती किरण वर्खातच जिरले, शोधकाच्या वाट्याला किती आले, हे सारे जमेस धरून भागाकार करावयाचा. यांतली प्रत्येक चूक सरळ उत्तरात उतरते. खरे कौशल्य तेथेच आहे.

'एल' कवचाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. त्याचे तीन पोटभाग आहेत आणि रिकामी जागा भरण्यापूर्वी एका भागातून दुसऱ्यात सरकू शकते. कोस्टर आणि क्रोनिग यांनी १९३५ साली ही गोष्ट उलगडली. ती मोजण्यासाठी येणाऱ्या किरणांची ऊर्जा हवी तशी बदलता यावी लागते. सोन्यात ११.९ आणि १३.७ हजारांच्या दरम्यान ऊर्जा ठेवली की फक्त तिसरा भाग रिकामा होतो, १३.७ च्या वर जाताच दुसराही उघडतो. त्या वेळी तिसऱ्या भागाचे किरण अपेक्षेपेक्षा जितके वाढतील, तितक्या जागा सरकून आल्या. अशी बदलती ऊर्जा देणारा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आपल्या शेजारी इंदूरला आहे.

आता व्यवहाराकडे वळू. सोन्याचे 'के' कवच फोडण्यास ८० हजारांहून अधिक ऊर्जा लागते. सराफाच्या पेटीत साधारणतः तेवढी नसते, म्हणून ती 'एल' किरणच वाचते. हे किरण सोन्याच्या पृष्ठभागाखालच्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थरातूनच बाहेर येतात. जाड मुलाम्याने यंत्र फसते ते यामुळेच. खात्रीसाठी अग्निपरीक्षा लागते. विमानाच्या पत्र्यातील ४ टक्के तांबे यंत्राला सहज दिसते, मात्र हलक्या मॅग्नेशियमचे किरण मोजकेच निघतात आणि थोड्याशा हवेतही विरतात.

म्हणून यंत्रावर आकडा दिसला की आपण दोन प्रश्न विचारावेत: हा किरण कोणत्या कवचातून आला, आणि किती खोलीवरून आला?