खोल मातीतील कर्ब आणि सूक्ष्मजंतू

जमिनीत जसजसे खाली जावे, तसतशी सूक्ष्मजंतूंची संख्या घटते व सेंद्रिय कर्बाचे वय वाढते. हा प्राचीन कर्ब स्वभावतःच अविघटनशील असावा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. फोंटेन व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फ्रान्समधील गवताळ जमिनीच्या ६० ते ८० सेंटिमीटर खोलीवरील मातीत सेल्युलोज मिसळले. त्यासरशी तेथील सूक्ष्मजंतूंनी सुमारे २,५०० वर्षे वयाच्या कर्बाचेही विघटन केले. सारांश, तेथे कर्बाचे रक्षण होत होते ते मुख्यतः जंतूंच्या उपासमारीमुळे. म्हणून खोल नांगरणीने ताजा पालापाचोळा खाली गाडताना नव्याने पडणाऱ्या कर्बाच्या भरीबरोबरच खर्ची पडू शकणाऱ्या जुन्या कर्बाचाही हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.