पाठीवरचा खर्ज

रेअर अर्थ चुंबकांची बातमी आपण बरेच दिवस वाहनउद्योगाच्या पानावर वाचतो आहोत. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या आणि ती वापरून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आपल्याकडे इ-स्कूटरचे कारखाने अडचणीत आले आणि नोव्हेंबरात केंद्राने हे चुंबक देशातच बनावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या सगळ्या चर्चेत एका माणसाचं नाव कुणी घेतलं नाही. तो म्हणजे नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याने स्पीकरचा खोका वर चढवणारा बेसिस्ट, म्हणजे बेस गिटारवाला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या पाठीवरचं ओझं निम्म्याहून कमी झालं, त्यात या चुंबकाचा मोठा वाटा आहे.

ऑर्केस्ट्राचा प्रोग्रॅम संपला की गायक पुष्पगुच्छ घेऊन गाडीत बसतात, गिटारवाला बॅग पाठीला लावतो, ढोलकीवाला ढोलकी खांद्याला. बेसिस्ट टेम्पोची वाट बघत गेटपाशी उभा राहतो. उपनगरातल्या एका नाट्यगृहाबाहेर मी अशाच एका मित्राबरोबर रात्री दीडपर्यंत थांबलो आहे. पायाशी पंधरा इंची स्पीकरचा जुना कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. वजन पस्तीस किलोंच्या घरात. शेवटची लोकल निघून गेलेली. रिक्षावाले खोका बघून पुढे जात होते. त्या रात्रीपासून हलक्या सेटचा विषय निघाला की मला गप्प राहवत नाही.

नवी मुलं भेटतात तेव्हा प्रश्न एकच असतो. ‘दादा, हलका सेट घ्यायचाय. तीनशे वॉट पुरतील की पाचशे घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे : वॉटचा विचार सगळ्यात शेवटी करा. तीनशे आणि पाचशे वॉटमधला फरक जेमतेम दोन डेसिबलचा आहे. साथीला ड्रम वाजत असताना तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वजन गेलं कुठे?

१९६९ साली अ‍ॅम्पेग कंपनीने ‘एसव्हीटी’ हा अ‍ॅम्प काढला आणि रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो गाजला. तीनशे वॉट, चौदा व्हॉल्व्ह आणि नुसत्या हेडचं, म्हणजे स्पीकरशिवायच्या अ‍ॅम्पचं, वजन चाळीस किलोंच्या आसपास. त्याच्या सोबतीचा, दहा इंची आठ स्पीकरांचा खोका साठ किलोंच्या घरातला. जगभरचे बेसिस्ट त्याला ‘फ्रिज’ म्हणतात. आज ट्रेस एलियटचा ‘एल्फ’ दोनशे वॉट देतो आणि त्याचं वजन पाऊण किलोच्या आत आहे. गिटारच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात तो मावतो.

मधल्या काळात काय घडलं, ते मी लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलावर पाहिलं. डावीकडे जुना अ‍ॅम्प उघडून ठेवला होता. निम्मी जागा ट्रान्सफॉर्मरने खाल्लेली, लोखंडी पत्र्यांची चळत आणि तिच्याभोवती तांब्याचं वेटोळं. मागच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पात्यांची रांग. उजवीकडे नवा अ‍ॅम्प : एक हिरवी पाटी आणि तिच्यावर काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर. काकांनी जुना ट्रान्सफॉर्मर माझ्या तळहातावर ठेवला आणि हात आपोआप खाली गेला. ‘हे पन्नासचं वजन आहे,’ ते म्हणाले.

पन्नास म्हणजे ५० हर्ट्झ. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. इतक्या संथ हेलकाव्यांतून शक्ती पुढे न्यायची तर लोखंड भरपूर लागतं. नव्या एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लायमध्ये हीच वीज सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद केली जाते. प्रत्येक खेपेला चिमूटभर ऊर्जा न्यायची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर चिमुकला चालतो. मोबाइलचा चार्जरही असाच हलका झाला. त्याच्या जोडीला आला ‘क्लास डी’ पद्धतीचा अ‍ॅम्प. जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर सतत अर्धवट उघडा असतो आणि बरीच वीज उष्णता होऊन जाते. क्लास डीमध्ये तो एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. त्यामुळे ९० टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरकडे जाते आणि ती पात्यांची रांग लागतच नाही.

तिसरी गोष्ट त्या रेअर अर्थ चुंबकाची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक तयार केला. नेहमीच्या फेराइट चुंबकाच्या तुलनेत त्याच्यात साधारण दहापट चुंबकीय ऊर्जा मावते. बारा इंची स्पीकरच्या पाठीवर जिथे भाकरीएवढी काळी चकती असायची, तिथे आता पेढ्याएवढा तुकडा पुरतो. या चुंबकाला उष्णता मात्र सोसत नाही. साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांच्या पुढे दुबळा होऊ लागतो. म्हणून त्यात डिस्प्रोसियम मिसळतात, आणि चीनने अट घातली त्या सात मूलद्रव्यांत डिस्प्रोसियम आहे. २०१०-११मध्येही चीनने निर्यात आवळली होती. तेव्हा निओडिमियमचे भाव कित्येक पटींनी चढले आणि स्पीकर बनवणाऱ्या अनेकांना पुन्हा फेराइटकडे वळावं लागलं. बेसिस्टची पाठ आणि जागतिक व्यापार यांचं नातं इतकं जवळचं आहे.

हॉफमनचा पोलादी नियम

अ‍ॅम्प हलका झाला, चुंबक हलका झाला. उरला खोका. तिथे गाठ पडते ती अँटन हॉफमन यांच्याशी. वडील जोसेफ हॉफमन विख्यात पियानोवादक. रशियन संगीतकार रखमानिनॉव यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्तो त्यांनाच अर्पण केला. बोटांत संगीत आणि डोक्यात यंत्रं असे हे जोसेफ होते, त्यांच्या नावावर अनेक पेटंटं होती. मुलाने यंत्रांची बाजू उचलली. १९५७मध्ये हेन्री क्लॉस आणि माल्कम लो यांच्यासह त्याने अमेरिकेत केएलएच ही स्पीकर कंपनी सुरू केली. तिच्या नावातला ‘एच’ हॉफमन यांचा.

त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम एका वाक्याचा आहे. छोटा खोका, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच तुमच्या वाट्याला येतात. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित मांडलं. तेवढ्याच विजेत तेवढाच आवाज हवा आणि खर्ज मात्र एक सप्तक खाली हवा, तर खोक्याचं घनफळ आठपट लागतं. आठपट! जाहिरातीत तिन्ही गोष्टींचं वचन एकदम दिसलं की हा आकडा आठवावा.

मग आजचे छोटे खोके वाजतात कसे? ते तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडतात. वीज जास्त खातात. पूर्वी हे परवडत नसे, कारण जास्त वॉट म्हणजे जास्त लोखंड. क्लास डीने वॉट हलके केले आणि छोट्या खोक्याचं कर्ज अ‍ॅम्प फेडू लागला. हलक्या सेटची सगळी क्रांती माझ्या मते एवढ्या एका व्यवहारात आहे.

या व्यवहारालाही मर्यादा आहे, आणि नेमकी तीच दुकानात कुणी सांगत नाही. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. स्पीकरवर छापलेले वॉट सहसा उष्णतेचे असतात : इतक्या विजेत आतली कॉइल जळणार नाही, एवढाच त्यांचा अर्थ. पडदा त्याच्या कितीतरी आधी आपल्या हद्दीच्या टोकाला पोचू शकतो. खालची तार जोरात छेडली आणि ‘फर्र’ असा आवाज आला, की समजावं, वॉट शिल्लक आहेत पण हवा हलवायची ताकद संपली.

कान मदतीला येतो

बेस गिटारची सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झवर वाजते. पाच तारी गिटारची बी तार ३१वर. एवढ्या खाली आपला कान मंद असतो. ४० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात. पण तार कधीच एकटी वाजत नाही. ४१बरोबर ८२, १२३, १६४ असे तिचे वरचे स्वर उमटतात. मूळ सूर क्षीण असला तरी या वरच्या स्वरांच्या अंतरावरून मेंदू तो भरून काढतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून वरचे स्वर ऐकण्याची सवय आपल्याला आहेच. इथे वरच्या स्वरांतून खर्ज ऐकायचा.

राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ती गाणी आपण लहानपणी ट्रान्झिस्टरच्या पसाभर स्पीकरवर ऐकली, आणि तरीही बेसची चाल ओळखत होतो. म्हणून हलक्या खोक्यातून ४१ हर्ट्झ निघतात का, याची काळजी करू नका. ८२ हर्ट्झ दमदार निघतात का, ते बघा.

जागेचंही तसंच. खोक्याचं तोंड मागच्या भिंतीपासून साधारण एक मीटरवर आलं, तर भिंतीवरून परतणारी लाट पुढच्या लाटेला ८२-८६ हर्ट्झच्या आसपासच खोडते. म्हणजे जे दमदार हवं तेच गायब होतं, आणि बेसिस्ट अ‍ॅम्पला दोष देत बटणं पिळत राहतो. खोका भिंतीला टेकवून ठेवा, जमिनीवर ठेवा, आणि पुढून लाकडी पाचर लावून थोडा मागे कलता करा, म्हणजे त्याचं तोंड तुमच्या पोटऱ्यांऐवजी कानाकडे होईल. यासाठी एक पैसाही लागत नाही.

मग घ्यायचं काय?

पहिला प्रश्न स्वतःला विचारा : माझा बेस लोकांपर्यंत कोण पोचवणार? मोठ्या नाट्यगृहात, लग्नाच्या मोठ्या लॉनवर अ‍ॅम्पच्या मागच्या ‘डीआय आउट’ या सॉकेटमधून वायर थेट मिक्सरला जाते आणि बाकीचं काम साउंडवाल्याचे सब-वूफर करतात. तिथे तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावा एवढाच. दहा किंवा बारा इंचांचा एक स्पीकर पुरतो. फेंडरचा ‘रंबल १००’ हा बारा इंची कॉम्बो साधारण दहा किलोंचा आहे. तेवढ्यात काम भागतं.

खरी परीक्षा छोट्या सभागृहात असते. साउंडवाला स्टँडवर दोन टॉप स्पीकर लावतो, त्यांतून गायक आणि की-बोर्ड जातो, बेस जात नाही. तिथे मी ठामपणे एकच गोष्ट सांगतो : हलकं हेड आणि एकसारखे दोन बारा इंची खोके, प्रत्येकी आठ ओहमचे. खोका निओडिमियमचा असेल तर एकेक साधारण दहा-तेरा किलोंचा येतो. दोन्ही जोडले की अ‍ॅम्पला चार ओहम दिसतात, आणि बहुतेक क्लास डी अ‍ॅम्पची छापील ताकद चार ओहमलाच मिळते. हवा हलवणारं क्षेत्र दुप्पट आणि वॉटही वाढलेले, मिळून पाच-सहा डेसिबलची भर पडते. तीनशेचे पाचशे वॉट करून मिळत होते दोन. खोके एकावर एक उभे रचा. वरचा कानाजवळ येतो आणि आवाज बाजूंनाही नीट पसरतो. छोटा प्रोग्रॅम असेल त्या दिवशी एक खोका घरीच राहतो. पैसे जुळत नसतील तर आज एक घ्या, दुसरा वर्षाने. मात्र तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा.

काही गोष्टी दुकानातच तपासा. अ‍ॅम्प परदेशातून कुणी आणणार असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का, हे मागच्या पाटीवर वाचा. सगळे चालत नाहीत. ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर असेल तर उत्तम, तो पडद्याची निरर्थक धडपड थांबवतो. नसेल तर वेगळा पेडल मिळतो, आणि पाच तारी वाजवणाऱ्याने तो घ्यावाच. स्पीकरची जोडणी स्पीकॉन प्लगची असावी. गिटारची बारीक वायर स्पीकरला लावू नये. विमानाने जाणाऱ्यांना केबिनमध्ये सहसा सात किलो मिळतात, त्यात हेड सहज बसतं. खोका मुक्कामी भाड्याने घेता येतो.

आणि शेवटची परीक्षा. दुकानात मित्राला खालची ई तार वाजवायला सांगा आणि तुम्ही दहा पावलं मागे जा. सूर ओळखू आला तर खोका उचला आणि एक मजला चढून उतरून या. वजनाचा छापील आकडा आणि हँडलच्या जागेवर हाताला जाणवणारं वजन वेगवेगळं असतं. शोरूममध्ये असं करायला संकोच वाटतो, पण पुढची दहा वर्षं तो जिना तुम्हालाच चढायचा आहे.

माझ्या त्या मित्राने अखेर जुना कॉम्बो विकला. परवा त्याच नाट्यगृहात प्रोग्रॅम होता. दोन हातांत दोन खोके, हेड गिटारच्या बॅगेत. दोन्ही बाजूंना सारखा भार असल्याने तो ताठ चालत मागचा जिना चढला. छोट्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत त्याचा बेस पोचला. पडदा पडल्यावर मी सवयीने गेटपाशी जाऊन थांबलो, तेव्हा तो गायकांबरोबर पुढे निघूनही गेला होता. अकरा चाळीसची लोकल त्याला मिळाली.