वडगावकर नेमके कोणत्या वडगावचे?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या एका गावाला नुसते 'वडगाव' म्हणून भागत नाही, 'युसूफ वडगाव' असे पूर्ण म्हणावे लागते. महाराष्ट्रात वडगावेच तेवढी आहेत: वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर, कोल्हापूरकडचे पेठ वडगाव. आडनावात मात्र हे जोडनाव गळून पडते आणि उरतो फक्त 'वडगावकर'. म्हणून '-कर' दिसले की मूळ गाव सापडले, हा समज पहिल्याच पायरीवर अडखळतो. होळ नावाचे गाव याच केज तालुक्यात आहे, पण मल्हारराव होळकरांचे होळ नीरेकाठी, बारामती तालुक्यात. शिवाय गावात सगळेच त्या गावचे असतात, तिथे गावाच्या नावाने कुणाला वेगळे काढता येत नाही. हे नाव कामाला येते ते गाव सुटल्यावर. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ, गाव कोकणातले आंबडवे. पण १९०० साली शाळेच्या रजिस्टरात 'आंबेडकर' लिहिले गेले ते साताऱ्यात. फ्रान्समध्येही असेच झाले. 'लब्रतों' म्हणजे ब्रिटनीचा माणूस आणि 'लांग्ल्वा' म्हणजे इंग्रज. अशी नावे पडली ती परक्या मुलखात, शेजाऱ्यांच्या तोंडून. कोकण-गोव्यात गावातच राहणारी माणसे गावाचे आडनाव लावतात, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा आहे, पण त्याने मुद्दा पक्काच होतो: बाहेर गेलेला आणि घरीच राहिलेला, दोघांचे आडनाव एकच असेल, तर त्या आडनावावरून वंशाचा प्रवास कसा ओळखणार?

युरोपीय आडनावांबद्दलचे आपले समज याहून पक्के आहेत. फ्रेंच नावात 'द' आले की सरदार घराणे, असे आपण धरून चालतो. कादंबरीकार ओनोरे द बाल्झाकचे वडील शेतकरी कुटुंबातले, जन्मनाव बाल्सा. त्यांनी त्याचे बाल्झाक केले आणि पुढे 'द' जोडला तो मुलाने. 'द्युपों' म्हणजे पुलापाशी राहणारा, 'द्युब्वा' म्हणजे रानाजवळचा. यांत कसली सरदारकी? फ्रान्समधले सर्वाधिक आढळणारे आडनाव 'मार्तें' हे तर मुळात एका संताचे नाव. गोवा आणि वसईत हाच गैरसमज जास्त बोचतो. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. म्हणून ही माणसे पोर्तुगीज रक्ताची, असे सहज बोलले जाते. प्रत्यक्षात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव नव्या ख्रिस्ती कुटुंबाला मिळे. माणसे इथलीच, जमीन इथलीच, बोलीही इथलीच. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे होते. त्यांचे आडनाव पोर्तुगीज, पण आयुष्यभराचे लेखन मराठी.

आडनावे सरकारने दिली, हाही एक आवडता समज. नेदरलँड्समध्ये सांगतात की १८११ साली नेपोलियनने सक्ती केली तेव्हा लोकांनी थट्टेने चित्रविचित्र नावे नोंदवली, आणि दाखला देतात 'नाक्तखेबोरेन', म्हणजे उघडा जन्मलेला, या आडनावाचा. हे नाव त्या सक्तीहून जुने आहे आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. आपल्याकडे हेच श्रेय इंग्रजांना देतात. पण जाधव, भोसले, निंबाळकर ही नावे इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीची. दफ्तराने नावे निर्माण केली नाहीत, वाहती नावे थिजवली. फ्रान्समध्ये १५३९ च्या फर्मानाने बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या झाल्या आणि १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीबाहेरचे नाव लावायला बंदी आली. आपल्याकडे ते काम शाळेच्या दाखल्याने आणि सातबाऱ्याने केले.

सगळ्यात घातक समज जातीचा. २०२५ साली बीड जिल्हा पोलिसांनी नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढली, ती त्यावरून जात हेरली जाते म्हणून. 'मग आडनावावरून जात कळतेच की', असे यावर म्हटले जाईल. काही ठिकाणी अंदाज बरोबर येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो बरोबर येतो, कारण त्या पंचक्रोशीत घरे आधीच ठाऊक असतात. माहिती आडनावात नसते, ओळखणाऱ्याकडे असते. पंचक्रोशी ओलांडा. पाटील मराठा असतात, आगरी, कोळी, लिंगायत, जैन आणि मुसलमानही असतात. देशमुखांचेही तसेच. ही पदांची नावे आहेत, आणि पद ज्या घरात आले त्या घराला ती चिकटली. युरोपात लोहाराच्या धंद्यावरून फ्रेंच लफेव्र, जर्मन श्मिट, इटालियन फेरारी, पोलिश कोवाल्स्की झाले. त्यांना कुणी एका कुळाचे म्हणत नाही. पाटीचे आडनाव वाचून समोरच्या अंमलदाराची बाजू ठरवणाऱ्याच्या हाती एवढेच असते: त्याच्या कुण्या पूर्वजाला, कधीतरी, कुणीतरी कशावरून हाक मारली होती.